मालाच्या पेटीत माणसं

२६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेतल्या न्यूअर्क बंदरातून 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ कंटेनर घेऊन ह्यूस्टनकडे निघालं. ते पाठवणाऱ्या माल्कम मॅकलीन यांना चढउताराचा खर्च वाचवायचा होता. पेटी बेतली गेली ती मालासाठी.

ती घरासाठी वापरण्याच्या पद्धतीचं पेटंट फिलिप क्लार्क यांना १९८९ साली मिळालं. मग २००१ मध्ये लंडनच्या ट्रिनिटी बॉय वॉर्फवर 'कंटेनर सिटी' उभी राहिली आणि तिचे रंगीत फोटो जगभर फिरले.

फोटोत जे दिसत नाही, ते राहणाऱ्याला पहिल्याच ऋतूत कळतं. कंटेनरची आतली रुंदी जेमतेम पावणेआठ फूट. ऊन-थंडी अडवायला दोन्ही भिंतींना तीन-तीन इंचांचा थर दिला, की उरते सव्वासात. थर दिला नाही, तर उन्हाळ्यात पत्रा भाजून काढतो. हिवाळ्यात श्वासाची आणि स्वयंपाकाची वाफ गार पत्र्यावर जमून ठिबकते, मागोमाग बुरशी येते. खिडकीसाठी भिंत कापावी, तर तिचा नागमोडी पत्रा हाच पेटीचा आधार. मग कापलेल्या जागी लोखंडी चौकट वेल्ड करावी लागते आणि स्वस्ताईचा हिशेब तिथेच कोलमडतो. जुन्या कंटेनरच्या प्लायवूडच्या तळाला बहुधा कीटकनाशक पाजलेलं असतं. लहान मूल ज्या जमिनीवर रांगणार, तिच्याबद्दल हे आधी विचारायलाच हवं.

अॅमस्टरडॅमच्या 'केटवोनेन' या कंटेनरच्या वसाहतीत २००६ पर्यंत विद्यार्थ्यांसाठी हजार खोल्या झाल्या. तिथेही पाऊस आणि उष्णता अडवायला पेट्यांवर वेगळं छप्पर घालावं लागलं. पाच वर्षांपुरती ठरलेली वसाहत त्यानंतरही तिथेच राहिली.

विद्यार्थी शिक्षण संपवून निघून जातो. बेघर कुटुंबांना तशी सोय नसते, आणि या प्रयोगाची खरी किंमत त्यांनीच मोजली. लंडनमधल्या ईलिंगसह ब्रिटनच्या काही पालिकांनी अशा कुटुंबांना 'तात्पुरतं' म्हणून कंटेनरमध्ये ठेवलं. ऑगस्ट २०१९ मध्ये इंग्लंडच्या बाल आयुक्त अॅन लाँगफील्ड यांनी 'ब्लीक हाउसेस' या अहवालात तिथली अवस्था मांडली: उन्हाळ्यात असह्य उकाडा, हिवाळ्यात गारठा, दाटीवाटीच्या खोल्या आणि मुलांना बाहेर खेळायला सोडायची आईवडिलांना वाटणारी धास्ती.