ताट वेगळं नको, ब्लेड वेगळं हवं

मागच्या बैठकीत गटातली एक ताई गप्प गप्प बसली होती. विचारलं, तर डोळ्यांत पाणी आलं. तिचा नवरा दीड वर्षानं तुरुंगातून जामिनावर सुटून आलाय. तिथल्या रक्ततपासणीत त्याला ‘हिपॅटायटिस सी’ निघाला. सासूनं त्याचं ताट-तांब्या वेगळा केला, पोरांना जवळ जाऊ देत नाही. दाढीचं ब्लेड मात्र तो आणि धाकटा दीर एकच वापरतात! तेव्हाच आम्ही ठरवलं, यावर बोलायचंच.

हिपॅटायटिस म्हणजे लिव्हरला येणारी सूज. आपण सगळ्यालाच ‘कावीळ’ म्हणतो, पण तिचे प्रकार वेगळे. ए आणि ई हे विषाणू घाण पाण्यातून, अन्नातून पसरतात. बी आणि सी मुख्यतः रक्तातून. बी शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळालाही होतो.

मग तुरुंगातच याचं प्रमाण जास्त का? २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जगभरातल्या कैद्यांचा अंदाज छापून आला. शंभरात सुमारे १५ जणांना सी ची लागण झाल्याची खूण होती, तर सुमारे ५ जणांना बी होता. कैदी वाईट म्हणून हे होत नाही. कारणं साधी आहेत. नशेची एकच सुई अनेकांनी वापरणं. मिळेल त्या सुईनं अंगावर गोंदवणं. दाढीचं ब्लेड एकमेकांत फिरणं. निरोध न वापरता येणारे संबंध. काहींना तर आत जाण्याआधीच लागण झालेली असते, त्यांना पत्ताच नसतो.

त्यात गर्दी. २०२२ अखेर आपल्या देशातल्या तुरुंगांत शंभर जणांच्या जागेत सुमारे १३१ जण होते. चारांतले तीन कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल लागायचा बाकी असलेले. माणसं सारखी आत जातात, घरी येतात. विषाणूला तुरुंगाची भिंत अडवत नाही. म्हणून हा आपल्याही घरचा विषय आहे.

आता नीट ऐका. एका ताटात जेवल्यानं, मिठी मारल्यानं, लेकराला मांडीवर घेतल्यानं बी किंवा सी होत नाही. वेगळं ठेवायचं ते ब्लेड, दात घासायचा ब्रश, नेलकटर. जखम झाकून ठेवायची. संबंधाच्या वेळी निरोध वापरायचा.

दुसरं, डोळे पिवळे व्हायची वाट बघू नका. बी आणि सी वर्षानुवर्षं गुपचूप राहतात आणि लिव्हर खराब करतात. काविळीची माळ घालून हे विषाणू जात नाहीत. रक्ताची तपासणी हाच मार्ग.

आणि आनंदाची गोष्ट अशी, की सी पूर्ण बरा होतो. बहुतेकांना १२ आठवडे गोळ्या पुरतात. सी वर लस नाही, बी वर मात्र आहे. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पहिला डोस द्यायचा, पुढचे डोस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना. घरात कुणाला बी असेल, तर बाकीच्यांनी तपासणी आणि लसीबद्दल डॉक्टरांना विचारावं. बी झालेल्या प्रत्येकाला औषध लागतंच असं नाही, पण तपासण्या चुकवायच्या नाहीत.

२८ जुलै २०१८ पासून केंद्र सरकारचा राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू आहे. त्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. आशाताईंना किंवा जिल्हा रुग्णालयात विचारा. माणूस सुटून आला, तर तुरुंगातले तपासणीचे कागद मागून घ्या. उपचार सुरू असतील, तर एक दिवसही खंड पडू देऊ नका.

आम्ही त्या ताईच्या घरी गेलो, सासूबाईंशी बोललो. दोन दिवसांनी ताई नवऱ्याला घेऊन जिल्हा रुग्णालयात गेली. सोबत गटातल्या दोघी होत्या. तुमच्या गटातही अशी एखादी गप्प बसलेली असेल. तिला एकटीला पाठवू नका.