पुण्यात आखलेली गरिबीची रेषा

५.३ टक्के हा आकडा एव्हाना सगळ्यांच्या तोंडी बसला आहे. जागतिक बँकेने अतिगरिबीची रेषा दिवसाला २.१५ डॉलरवरून ३ डॉलरवर नेली आणि तरीही २०११-१२ मध्ये २७.१ टक्के असलेले भारतातले प्रमाण २०२२-२३ मध्ये इतके खाली आले. माणसांत मोजायचे तर सुमारे ३४ कोटींवरून साडेसात कोटींवर. बातमी आनंदाचीच आहे. पण सगळी चर्चा आकडा खरा की कमी करून दाखवलेला एवढ्यावरच अडकली आहे. रेषा मुळात आखायची कशासाठी, हा प्रश्न मागे पडला आहे. त्याचे सर्वांत नेटके उत्तर पुण्यात दिले गेले होते, बीएमसीसी रस्त्यावरच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेत.

जानेवारी १९७१ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ हा अभ्यास दोन भागांत प्रसिद्ध झाला. दोघेही गोखले संस्थेतले. त्यांची रीत सुटसुटीत होती. माणशी दिवसाला २,२५० उष्मांक मिळतील इतके अन्न ज्या खर्चाच्या पातळीवरची कुटुंबे प्रत्यक्षात घेतात, तो खर्च म्हणजे किमान गरज. १९६०-६१ च्या किमतींना तो खेड्यात महिन्याला माणशी साधारण १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये निघाला. खेड्यांतली सुमारे ४० टक्के आणि शहरांतली सुमारे ५० टक्के माणसे त्याखाली होती. साठच्या दशकातल्या विकासाचा लाभ वरच्या थरांनाच मिळाला आणि शहरी गरिबी आणखी खोल गेली, हा निष्कर्षही त्यांनी आडपडदा न ठेवता मांडला. दोनच महिन्यांनी ‘गरिबी हटाओ’च्या घोषणेवर देशाची निवडणूक झाली.

आकडेवारीपेक्षा मला या अभ्यासाचा पुढचा भाग मोठा वाटतो. मोजणी करून दोघे थांबले नाहीत. एवढ्या माणसांना रेषेच्या वर आणायला काय लागेल, पैसा कुठून येईल, याचा हिशेब त्यांनी मांडला. जमिनीच्या फेरवाटपाने हे साधणार नाही, कारण वाटायला तेवढी जमीनच नाही. मागेल त्याला सार्वजनिक कामावर मजुरी द्यावी लागेल आणि तिचा भार सुस्थितीतल्यांनी उचलावा लागेल, असे त्यांनी लिहिले. त्यांच्या हातात रेषा म्हणजे समाजाच्या नावे निघालेले देणे होते.

महाराष्ट्राने हे देणे काही अंशी फेडलेही. वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना, १९७२ च्या दुष्काळातली कामे, १९७७ चा कायदा आणि २६ जानेवारी १९७९ पासून त्याची अंमलबजावणी, हा क्रम वाचकांना ठाऊक आहे. नोकरदारांच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर याच हमीसाठी लावला गेला, हे मात्र तो भरणाऱ्या किती जणांना माहीत असेल? शहरातल्या पगारदाराने दुष्काळी तालुक्यातल्या मजुराची मजुरी भरायची, इतकी सरळ व्यवस्था देशात दुसरीकडे कुठे नव्हती.

सरकारला न रुचणारे बोलणे ही या संस्थेची जुनी सवय. मुंबई राज्याने १९४८ मध्ये कूळकायदा केला. तो गावात पोचला का, हे दांडेकर आणि खुदानपूर यांनी तपासले. कागदोपत्री कुळांनी ‘राजीखुशीने’ जमिनी सोडल्याच्या नोंदी मोठ्या संख्येने सापडल्या. कायदा व्यवहारात जवळपास नव्हताच, असे १९५७ च्या अहवालात आले. ऐंशीच्या दशकात गरिबांना दुभती जनावरे घ्यायला कर्ज देणाऱ्या एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचा डंका वाजत होता, तेव्हा त्यातून फारच थोडी कुटुंबे रेषेच्या वर येतील, हे रथ यांनी दाखवून दिले.

दांडेकरांनाही आव्हान मिळाले आणि तेही पुण्यातच. डॉ. पां. वा. सुखात्मे जागतिक अन्न व कृषी संघटनेतले काम संपवून इथे आले होते. एकाच निरोगी माणसाची गरज दिवसागणिक बदलते, शरीर कमी आहाराशी काही मर्यादेपर्यंत जुळवून घेते. म्हणून सरासरी गरज हीच रेषा धरली तर भुकेल्यांची संख्या फुगते, असे त्यांचे म्हणणे. दोघेही मूळचे सातारा जिल्ह्यातले, आणि वाद वर्षानुवर्षे चालला. माझा कौल दांडेकरांकडे आहे. शरीर भागवून घेते म्हणून माणसाची गरिबी मिटत नाही. पण एवढ्या तयारीचा वाद आज ५.३ टक्क्यांवर होताना दिसत नाही, ही खंत आहे.

नव्या आकड्यामागची पाहणीच बघा. पूर्वी बहुतेक वस्तूंबद्दल एकच प्रश्न असे: गेल्या तीस दिवसांत किती खर्च झाला? महिन्याभरापूर्वी आणलेली मेथीची जुडी कुणाला आठवते? आता भाजी, फळे, अंडी, तेल यांसाठी सात दिवसांचा, धान्य-डाळींसाठी तीस दिवसांचा आणि कपडे, शिक्षण, इस्पितळ यांसाठी वर्षाचा खर्च विचारतात. खर्च जास्त नोंदला जातो, गरिबी कमी दिसते. २०११-१२ मध्येही या पद्धतीने माहिती घेतली गेली होती, त्यामुळे तुलनेला आधार आहे. मात्र २०२२-२३ मध्ये प्रश्नावलीचे तीन भाग करून घरोघरी वेगवेगळ्या भेटी दिल्या गेल्या. जुन्या-नव्या आकड्यांतल्या फरकात सुधारलेल्या मोजणीचा वाटा किती आणि सुधारलेल्या जगण्याचा किती, हे वेगळे काढण्याचे काम संशोधन संस्थांचे आहे.

देशाची स्वतःची रेषा तर रखडलीच आहे. तेंडुलकर समितीच्या हिशेबाने २०११-१२ मध्ये २१.९ टक्के लोक गरीब होते, रंगराजन समितीच्या हिशेबाने २९.५ टक्के. रंगराजन अहवाल २०१४ चा. तो सरकारने स्वीकारला नाही आणि त्याच्या जागी दुसरी रेषाही आणली नाही. गोखले संस्था मधल्या काळात गाजली ती कुलगुरूंच्या नेमणुकीवरून आणि निधीच्या वादावरून. धनंजयराव गाडगीळांनी १९३० पासून तीन दशकांहून अधिक काळ घडवलेल्या संस्थेबद्दल हे वाचताना मन विषण्ण होते.

सुमारे ८० कोटी लोकांना आज रेशनचे धान्य मोफत मिळते. ५.३ टक्के हाच आधार धरून उद्या कुणी त्यांतली नावे कमी करायला निघाला, तर त्याला काय उत्तर देणार? पाहणीची कुटुंबनिहाय आकडेवारी सांख्यिकी मंत्रालयाने खुली केलेली आहे. राज्य सरकारने ती गोखले संस्थेकडे आणि विद्यापीठांच्या अर्थशास्त्र विभागांकडे सोपवावी, नंदुरबार आणि गडचिरोलीत अन्वेषक पाठवायला पैसे द्यावेत आणि रेशन बंद झाले तर कोणत्या घरातले ताट किती रिकामे होईल, हे धोरण ठरण्याआधी मोजून घ्यावे.