तेलक्षेत्र, साठा आणि उत्पादन : तीन संज्ञांचा विचार

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते आणि मधून तापी. या दोन्ही नद्या पुढे गुजरातेत शिरतात, आणि त्यांच्या मुखांमधील सपाट प्रदेशात, नंदुरबार शहरापासून सरळ रेषेत सुमारे १३० किलोमीटरांवर, अंकलेश्वर हे गाव आहे. १९६० साली, म्हणजे ज्या वर्षी द्वैभाषिक मुंबई राज्याचे विभाजन होऊन महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये अस्तित्वात आली त्याच वर्षी, अंकलेश्वर येथे खनिज तेल सापडले. नंदुरबारचा प्रदेश तेव्हा धुळ्याशी जोडलेला होता. त्याचा स्वतंत्र जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. एकाच दोन नद्यांच्या दुआबात एकीकडे तेल मिळावे आणि दुसरीकडे मिळू नये, असे का व्हावे, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर शोधू लागले असता तेलविषयक लेखनात नित्य येणाऱ्या तीन संज्ञांची, म्हणजे तेलक्षेत्र, साठा आणि उत्पादन यांची, नीट फोड करावी लागते. या तिन्ही संज्ञा दैनंदिन व्यवहारातून घेतलेल्या असल्यामुळे सोप्या वाटतात. परंतु त्यांचा शास्त्रीय अर्थ व्यवहारातील अर्थाहून पुष्कळ निराळा आहे, आणि हा भेद दृष्टिआड झाल्यास जगातील तेलाविषयीचे आकडे वाचणारा हमखास चुकतो.

१. तेलक्षेत्र

भूगर्भात तेलाचे तळे किंवा सरोवर असते, ही समजूत प्रथम दूर करावयास हवी. तेल असते ते खडकाच्या कणाकणांमधील सूक्ष्म पोकळ्यांत. ते साचण्यास चार गोष्टींचा योग जुळून यावा लागतो. सेंद्रिय द्रव्याने समृद्ध असा गाळाचा खडक हवा. तो पुरेशा खोलीवर गाडला जाऊन योग्य उष्णतेत दीर्घकाळ राहिला पाहिजे. तेथून निसटलेले तेल सामावून घेणारा सच्छिद्र खडक, बहुधा वालुकाश्म किंवा चुनखडक, जवळ हवा. त्यावर तेलाला वर जाऊ न देणारे अभेद्य आच्छादन हवे. आणि अखेर, या सर्वांची रचना अशी हवी की वर सरकणारे तेल एखाद्या कमानीत वा कोपऱ्यात अडकून पडेल. या रचनेला सापळा म्हणतात. या चारांपैकी एक जरी उणी असली तरी तेलक्षेत्र निर्माण होत नाही.

खंबायतच्या द्रोणीत या चारही गोष्टी जुळल्या. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे प्रचंड थर पसरले. त्यानंतर खंबायतच्या परिसरातील भूमी खचत गेली आणि खचलेल्या जागेत, लाव्ह्याच्या थरांवर, काही किलोमीटर जाडीचा गाळ साचला. त्यातील काळसर शेल हा तेलाचा उगम ठरला. त्याच्या वरील इओसीन काळातील वालुकाश्मांत तेल शिरले आणि अंकलेश्वरच्या कमानीत अडकले. नंदुरबारात मात्र तोच लाव्हा, म्हणजे बेसाल्टचा खडक, आज भूपृष्ठावर उघडा आहे. तोरणमाळ आणि अक्राणीच्या डोंगरांत तो ठायी ठायी दिसतो. तापीच्या काठी त्यावर मातीचा थर आहे खरा. परंतु तो भूवैज्ञानिक दृष्ट्या अगदी अलीकडचा आहे आणि तेल तयार होण्यास लागणारी खोली त्याला लाभलेली नाही. सारांश, अंकलेश्वरला जो खडक तेलभूमीचा तळ आहे, तोच नंदुरबारला माथा आहे.

येथे एका शब्दसाम्याची नोंद घेणे उचित होईल. या बेसाल्टला 'दख्खन ट्रॅप' म्हणतात. पुष्कळ विद्यार्थी त्यातील 'ट्रॅप' हा शब्द तेलाच्या सापळ्याचा वाचक समजतात. वस्तुतः तो पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दापासून आलेला आहे. लाव्ह्याच्या एकावर एक थरांमुळे डोंगरांना जे पायऱ्यांचे रूप येते, त्यावरून ते नाव पडले. तेलाच्या सापळ्याशी त्याचा अर्थतः काहीही संबंध नाही.

तथापि या बेसाल्टच्या खाली काय आहे, हा प्रश्न संपलेला नाही. नर्मदा-तापीच्या पट्ट्यात लाव्ह्याखाली त्याहून जुन्या काळातील गाळाचे खडक असल्याचे भूभौतिकीय सर्वेक्षणांनी दाखविले आहे. जाड बेसाल्टमधून ध्वनिलहरींचे स्पष्ट चित्र मिळणे अवघड असल्यामुळे हा शोध कष्टाचा आहे, आणि व्यापारी प्रमाणावर तेल तेथे आजवर मिळालेले नाही. गाळाचा खडक असणे ही चार अटींपैकी पहिलीची केवळ सुरुवात होय, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

२. साठा

'साठा' म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे कणगी उभी राहते. कणगीत धान्य किती आहे हे मापून सांगता येते, आणि जितके आहे तितके सर्व काढताही येते. तेलाच्या साठ्याला यांपैकी एकही गोष्ट लागू पडत नाही.

तेलशास्त्रात निदान तीन परिमाणे वेगळी मानावी लागतात. खडकात मुळात असलेले सर्व तेल हे पहिले. त्यातील जे उपलब्ध तंत्राने वर काढता येईल ते दुसरे. हे प्रमाण क्षेत्राक्षेत्रांत फार बदलत असले तरी जगाच्या सरासरीने ते मूळ तेलाच्या एक-तृतीयांशाच्या आसपास पडते. उरलेले तेल खडकाला चिकटून तेथेच राहते. आणि जे चालू तंत्राने, चालू किमतीत, परवडेल अशा रीतीने काढता येईल अशी बळकट खात्री आहे, ते तिसरे. यालाच 'सिद्ध साठा' म्हणतात. खात्री जसजशी कमी होते तसतशा 'संभाव्य' व 'शक्य' या कोटी लागतात. यावरून हे स्पष्ट होईल की, साठ्याचा आकडा हा केवळ भूमीविषयीचे विधान नसून तंत्र, किंमत आणि खात्री या तिहींविषयीचा एक निर्णय आहे.

उत्तर समुद्रातील नॉर्वेचे एकोफिस्क हे क्षेत्र १९६९ साली सापडले. प्रारंभी त्यातील जेमतेम १७-१८ टक्के तेल हाती येईल असा अंदाज होता. १९८७ पासून तेथे मोठ्या प्रमाणावर पाणी खडकात सोडण्यात येऊ लागले, आणि पुढे हा अंदाज ५० टक्क्यांच्या घरात गेला. भूमीत तेलाचा एक थेंबही वाढला नाही. साठा मात्र जवळजवळ तिप्पट झाला.

याउलट उदाहरण व्हेनेझुएलाचे. सुमारे ३०० अब्ज पिंपे, म्हणजे जगात सर्वाधिक, सिद्ध साठा त्या देशाच्या नावे नोंदला जातो. सौदी अरेबियाच्या नावे सुमारे २६७ अब्ज. (एक पिंप म्हणजे सुमारे १५९ लिटर, साधारणतः सव्वासात पिंपांचा एक टन होतो.) परंतु व्हेनेझुएलाचे बरेचसे तेल ओरिनोको नदीच्या पट्ट्यातील अतिजड, डांबरासारखे दाट तेल आहे. ते काढणे व वाहून नेण्याजोगे पातळ करणे खर्चाचे आहे, आणि २०२४ मध्ये त्या देशाचे दैनिक उत्पादन दहा लाख पिंपांच्याही आतच होते. १९८० च्या दशकात तेल निर्यात करणाऱ्या देशांच्या संघटनेतील अनेक सदस्यांनी, मोठे नवे शोध जाहीर न करता, आपले साठे एकाएकी कितीतरी वाढवून नोंदविले. उत्पादनाचा वाटा ठरविताना साठ्याचा विचार होण्याचा तो काळ होता, हे येथे नमूद करणे पुरेसे आहे.

३. उत्पादन

उत्पादनाचा आकडा साठ्याच्या आकड्यापेक्षा अधिक विश्वसनीय असतो, कारण वर आलेले तेल मोजता येते. परंतु त्याचीही एक स्वतंत्र गती आहे. येथे कणगीपेक्षा खानदेशातील विहिरीचा दाखला अधिक जुळतो. विहिरीत पाणी किती आहे याहून तिला पाझर किती वेगाने येतो, यावर मोट वा पंप किती वेळ चालेल हे ठरते. तेलक्षेत्रातील हा वेग खडकातील दाबावर अवलंबून असतो. तेल उपसले की दाब उतरतो. म्हणून पाणी किंवा वायू खाली सोडून तो टिकवावा लागतो. एवढे करूनही क्षेत्र शिखर गाठून उताराला लागतेच.

जगातील सर्वांत मोठे तेलक्षेत्र म्हणजे सौदी अरेबियातील घवार. ते १९४८ साली सापडले. त्याची लांबी सुमारे २८० किलोमीटर, म्हणजे मुंबई ते नंदुरबार या सरळ अंतराच्या जवळपास, भरते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार त्याची कमाल टिकाऊ क्षमता दररोज ३८ लाख पिंपे होती आणि उरलेला साठा सुमारे ४८ अब्ज पिंपे. तत्पूर्वी अनेक तज्ज्ञ ही क्षमता ५० लाखांच्या आसपास धरीत असत. सात दशकांहून अधिक काळ घवार टिकले, ते त्याच्या विस्तारामुळे आणि १९६० च्या दशकापासून पद्धतशीरपणे सोडलेल्या पाण्यामुळे. मेक्सिकोतील कांतारेल क्षेत्राची गती निराळी. नायट्रोजन वायू सोडून त्याचे उत्पादन २००४ मध्ये दररोज सुमारे २१ लाख पिंपांवर नेण्यात आले; दहा वर्षांत ते पाचव्या हिश्शाहूनही खाली घसरले.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोरील मुंबई हाय हे याच नियमाचे आपल्याकडील उदाहरण होय. 'हाय' म्हणजे उंचवटा. समुद्रतळाखाली दडलेल्या खडकांच्या उंचवट्यावरून हे नाव आले. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरांवर, ७५ मीटरांच्या आसपास खोल पाण्यात, १९७४ च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट' या वेधन-नौकेने येथे तेल शोधले आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. येथील तेल मुख्यतः मायोसीन काळातील चुनखडकात आहे. १९८० च्या दशकात दैनिक उत्पादन पावणेपाच लाख पिंपांच्या जवळ पोहोचले होते. २०२४ मध्ये ते सुमारे १ लाख ३४ हजारांवर आले. हे क्षेत्र मुंबईच्या नावाने ओळखले जात असले, तरी संविधानाच्या २९७ व्या अनुच्छेदान्वये सागरतळाखालील खनिजे संघराज्याच्या स्वाधीन असतात. त्यामुळे जमिनीवरील तेलाचे स्वामित्वशुल्क जसे गुजरात वा आसाम राज्यास मिळते, तसे येथील महाराष्ट्रास मिळत नाही.

४. आकड्यांचे वाचन

'जगातील तेल अमुक वर्षे पुरेल' असे विधान वारंवार केले जाते. त्याची रीत सोपी आहे : साठ्याला वार्षिक उत्पादनाने भागावयाचे. परंतु वर पाहिल्याप्रमाणे भाज्य हा एक बदलता निर्णय आहे आणि भाजक ही एक बदलती गती. या रीतीने व्हेनेझुएलाचे तेल सुमारे हजार वर्षे पुरेल असे उत्तर येते, आणि जगात सर्वाधिक तेल काढणाऱ्या अमेरिकेचे केवळ दहा वर्षे. अमेरिकेचे हे उत्तर गेल्या शतकाच्या मध्यापासून बहुतेक काळ दहाच्याच आगेमागे राहिले आहे. १९६० साली त्या देशाचा सिद्ध साठा सुमारे ३१ अब्ज पिंपे होता; त्यानंतर त्याने दीडशे अब्जांहून अधिक पिंपे उपसली, आणि तरीही साठा आज १९६० पेक्षा अधिक नोंदला जातो. तेल अक्षय्य आहे असा याचा अर्थ नव्हे. एकेक क्षेत्र आटते, हे कांतारेल व मुंबई हाय यांनी दाखविलेच आहे. अर्थ इतकाच की, हा भागाकार भविष्य सांगत नाही.

भारतापुरता विचार केला तर ही बाब केवळ शब्दार्थाची राहत नाही. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे २ कोटी ९० लाख टन अशोधित तेल निघाले, आणि गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात करावे लागले. कोठे नवे खोदावे, जुन्या क्षेत्रांतून अधिक तेल काढण्यावर किती खर्च करावा, आणि आयातीवर कितपत विसंबावे, हे निर्णय साठ्याच्या आकड्यांवरूनच घेतले जातात. अशा वेळी आकडा कोणत्या कोटीचा आहे, कोणत्या किमतीला व कोणत्या तंत्राने तो खरा आहे, आणि ते तेल दिवसाला किती वेगाने निघू शकते, हे तीन प्रश्न आधी विचारावे लागतात. त्यांची उत्तरे मिळाल्यावाचून, कोणत्याही प्रदेशाच्या नावापुढे लिहिलेला साठ्याचा आकडा, मग तो ओरिनोकोचा असो की उद्या तापीच्या खोऱ्यातील बेसाल्टखाली वर्तविला जावो, संपत्तीचे मोजमाप म्हणून स्वीकारता येत नाही.