हीटरमधून जळका वास आला तर...

दिवाळी उलटली की जळगाव-धुळ्याकडे रात्रीचा पारा झपाट्याने उतरू लागतो. मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत भाजून काढणारा हा मुलूख डिसेंबर-जानेवारीत चांगलाच गारठतो. धुळ्यात तर पारा पाच-सहा अंशांपर्यंत खाली आल्याची नोंद अनेकदा झाली आहे. मग माळ्यावरचा हीटर किंवा ब्लोअर खाली उतरतो, वरवर पुसून खोलीत लावला जातो आणि थोड्याच वेळात घरभर जळका वास सुटतो. कुणी म्हणते, "पहिल्यांदा लावला की येतोच." कुणी उदबत्ती लावते. यातले पहिले म्हणणे अर्धे खरे आहे. उदबत्तीचा उपाय मात्र साफ चुकीचा, कारण ज्या वासाने आपल्याला सावध करायचे तोच ती झाकून टाकते.

अर्धे खरे अशासाठी, की उन्हाळा-पावसाळाभर पडून असलेल्या हीटरच्या तारेवर धूळ, गोधडीचे तंतू, कधी झुरळांची घाण साचलेली असते. तार लाल झाली की हे सारे जळते. हा वास करपलेल्या केसांसारखा किंवा तापलेल्या धुळीसारखा असतो आणि दहा-पंधरा मिनिटांत निघून जातो. हीटर वापरण्यापूर्वी प्लग काढून, कोरड्या ब्रशने झाडून, पहिल्यांदा अंगणात किंवा ओट्यावर थोडा वेळ चालवला तर हा त्रास घरात होतच नाही. दम्याच्या रुग्णाला मात्र एवढ्या धुरानेही धाप लागू शकते. अशा व्यक्तीला तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत बसवावे.

वास कमी होण्याऐवजी वाढत गेला, किंवा तो प्लास्टिक, रबर वितळल्यासारखा असला, तर गोष्ट वेगळी. कधी कधी घरात मासळी नसताना मासळीसारखा उग्र वास येतो. स्विच-बोर्डाचे काही प्लास्टिक तापले की असा वास सुटतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. वायरींवरचे पीव्हीसीचे आवरण जळाले तर त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा वायू निघतो. त्याने डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, खोकल्याची उबळ येते.

बहुतेक वेळा दोष हीटरचा नसून बोर्डाचा असतो. २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर वीज ओढतो. दिवा-पंख्याचे साधे सॉकेट ६ अँपिअरचे. मोठ्या प्लगच्या जाड पिना त्यात बसत नाहीत, म्हणून आपण बाजारातून जोडपिन आणतो किंवा टीव्हीच्या एक्स्टेंशन बोर्डावर हीटर लावतो. भार पेलवत नाही, जोड सैल असेल तर तो आणखी तापतो आणि प्लास्टिक आतून काळे पडते. हीटरला १६ अँपिअरचे, अर्थिंग असलेले पॉवर सॉकेटच हवे. प्लग हाताला चटका देण्याइतका गरम लागला, तर वास येण्याचीही वाट पाहू नये.

असा वास येताच हीटरचे बटण चाचपत न बसता मेन स्विच बंद करावा. बोर्डातून ठिणग्या उडत असतील तर प्लगला हात लावू नये आणि पाणी तर मुळीच टाकू नये. कोरडी वाळू किंवा माती टाकावी. आपल्याकडे आणखी एक धोका आहे. भाव वाढेल या आशेने पुष्कळ शेतकरी वेचलेला कापूस राहत्या घरातच भरून ठेवतात. ज्या खोलीत कापूस आहे तिथे हीटर वा शेगडी नकोच. कापसाला लागलेली आग वरून विझलेली दिसली तरी आत धुमसत राहते. तिच्याशी झटत बसण्यापेक्षा माणसे बाहेर काढून १०१ ला फोन करावा. धुरात सापडलेल्याचा आवाज घोगरा झाला, नाकातोंडात काजळी दिसली, तर तो "मला काही झाले नाही" म्हणत असला तरी दवाखान्यात न्यावेच. श्वासनलिकेची सूज काही तासांनी वाढू शकते.

वास स्वयंपाकघरातल्या गॅससारखा असेल, तर नियम उलटा. तेव्हा कोणताही स्विच चालू अथवा बंद करायचा नाही. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडायच्या आणि बाहेर जाऊन १९०६ वर कळवायचे.

आता ज्याला वासच नाही त्याविषयी. कोळशाच्या शेगडीतून, गॅस हीटरमधून किंवा न्हाणीघरातल्या गॅस गिझरमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे केरळचे आठ पर्यटक, त्यांत चार मुले, बंद खोलीत गॅस हीटर लावून झोपले आणि सर्व जण दगावले.

आपल्या घरात या दृष्टीने सर्वांत जोखमीची जागा म्हणजे बाळंतिणीची खोली. वारा लागू नये म्हणून खिडक्या घट्ट लावलेल्या, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी आणि वर ओवा-शेपांची धुरी. त्या सुवासात सारे ठीक वाटते. धूर दिसत नाही म्हणून निखारे निर्धोक, असा समज आहे. प्रत्यक्षात बिनधुराचे लाल निखारेही हा वायू सोडतच असतात. आजीबाईंचा मान राखून सांगतो, शेक द्यायचा तर दार-खिडकी थोडी उघडी ठेवून द्यावा आणि झोपण्यापूर्वी शेगडी बाहेर न्यावी. बाळाला ऊब हवी असेल तर टोपरे, दुपटे आणि आईची कूस पुरेशी आहे.

डोके दुखणे, मळमळ, चक्कर, गुंगी ही याची लक्षणे. पित्त झाले, थंडी बाधली असे समजून ती अंगावर काढली जातात. घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी त्रास होत असेल आणि बाहेर मोकळ्यावर गेल्यावर बरे वाटत असेल, तर संशय घ्यावा. रुग्णाला उघड्यावर आणून १०८ ला फोन करावा. करोनाच्या काळात पुष्कळ घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले. त्यावर इथे भरवसा ठेवू नये. या विषबाधेत तो ९८-९९ असा आकडा दाखवू शकतो, कारण हिमोग्लोबिनला प्राणवायू चिकटला आहे की हा वायू, हे त्याला ओळखता येत नाही. त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी लागते. म्हणून डॉक्टरांना नुसते "डोके दुखते" न सांगता, खोलीत रात्री शेगडी होती, किती वेळ होती आणि खिडक्या बंद होत्या का, हे आवर्जून सांगावे.