एअर रायफलचा स्कोप ‘झिरो’ होत नाहीये? दोष बंदुकीत, स्कोपमध्ये की हातात, ते असं ओळखा

भंडारा जिल्ह्यातलं एखादं गाव डोळ्यांसमोर आणा. धान निघालंय, बांधी मोकळी पडलीये. मातीच्या ढिगासमोर खोकं ठेवून त्यावर कागद चिकटवलाय. हातात नवी एअर रायफल, तिच्यावर नवा स्कोप. पहिला छर्रा दोन बोटं खाली लागतो. नॉब फिरवला की दुसरा उजवीकडे जातो. पुन्हा फिरवला की तिसरा परत खाली. तासाभरात छर्ऱ्यांची डबी अर्धी संपते, कागदाची चाळणी होते आणि निष्कर्ष निघतो, “स्कोपच खराब आहे!”

बऱ्याचदा स्कोप खराब नसतोच. मग घोळ नेमका कुठे असतो? एकेक करून समजून घेऊ.

‘झिरो’ करणं म्हणजे काय?

स्कोपमधली फुली जिथे दिसते, तिथेच छर्रा लागावा यासाठी केलेली जुळवणी म्हणजे झिरो. पण हा झिरो एका ठरावीक अंतरासाठीच असतो. कारण स्कोप नळीच्या साधारण 4 ते 5 सेंटिमीटर वर बसवलेला असतो. छर्रा नजरेच्या रेषेखालून निघतो, वर येऊन तिला छेदतो आणि पुढे पुन्हा खाली पडतो. त्यामुळे 25 मीटरवर झिरो केलेली रायफल अगदी जवळच्या निशाण्यावर खाली मारते. हा बिघाड नाही, साधी भूमिती आहे.

म्हणून आधी अंतर ठरवा, ते टेपने मोजा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

नॉबला हात लावण्याआधी पाच छर्रे

सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रत्येक छर्ऱ्यानंतर नॉब फिरवणं. एका छर्ऱ्यावरून काहीच कळत नाही. रायफल वाळूच्या किंवा तांदळाच्या पिशवीवर टेकवा आणि एकाच ठिकाणी नेम धरून पाच छर्रे मारा. आता कागदाकडे बघा.

पाचही छर्रे एका नाण्याएवढ्या जागेत, पण केंद्रापासून लांब लागले असतील, तर आनंदाची बातमी आहे. रायफल ठीक आहे, फक्त जुळवणी बाकी आहे.

छर्रे कागदभर विखुरले असतील, तर नॉब फिरवून काहीही होणार नाही. आधी विखुरण्याचं कारण शोधावं लागेल.

छर्रे विखुरतायत? या क्रमाने तपासा

आधी रायफलमध्ये छर्रा नाही याची खात्री करा, मगच हात लावा.

1. स्क्रू: लाकडी किंवा फायबरच्या दस्त्याचे स्क्रू प्रत्येक धक्क्याने थोडे थोडे सैल होतात. ते आवळा. स्कोपच्या रिंगांचे स्क्रू तिरकस क्रमाने, थोडे थोडे आवळा. जोर लावून आवळलात तर स्कोपची नळी चेपते.

2. माउंट सरकतोय का: माउंटच्या मागे पेन्सिलने रेघ मारा. दहा छर्ऱ्यांनंतर माउंट रेघेवरून हललेला दिसला, तर चोर सापडला. यासाठी स्टॉप पिन असलेला माउंट मिळतो.

3. नळीचा सांधा: नळी मोडून भरायच्या रायफलमध्ये सांध्याचा बोल्ट सैल झाला की नळी दरवेळी वेगळ्या जागी बसते.

4. छर्रे: वाकलेला, चेपलेला छर्रा सरळ जाणार नाही. दोन-तीन प्रकारचे छर्रे मारून बघा. प्रत्येक नळीला कुठला तरी एक प्रकार जास्त मानवतो.

5. पकड: स्प्रिंगची रायफल घट्ट आवळून धरली की छर्रे विखुरतात. पुढचा हात नुसता आधाराला ठेवा, रायफलला तिचा धक्का घेऊ द्या आणि दरवेळी तशीच धरा.

6. धूर: जास्त तेल घातलेल्या रायफलमध्ये ते तेल दाबाने पेटतं. मोठा आवाज येतो, धूर निघतो आणि छर्ऱ्याचा वेग दरवेळी वेगळा पडतो.

स्प्रिंगची रायफल स्कोप का ‘खाते’?

साधी बंदूक फक्त मागे धक्का देते. स्प्रिंगच्या एअर रायफलमध्ये मात्र पिस्टन पुढे धावताना रायफल मागे जाते आणि पिस्टन थांबताच ती पुढे झटका देते. हा उलटा झटका सहन करण्यासाठी अनेक साधे स्कोप बनवलेलेच नसतात. आतली भिंगं किंवा फुली सैल होते आणि झिरो रोज बदलतो. म्हणून स्कोप घेताना तो स्प्रिंगच्या एअर रायफलसाठी आहे का, हे आधी विचारा. हवा भरायच्या पीसीपी रायफलमध्ये हा झटका जवळपास नसतो. तिथे टाकीतला दाब उतरला की छर्रे खाली यायला लागतात, म्हणून आधी गेज बघा.

स्कोपवरच संशय असेल तर तो काढा आणि रायफलच्या मूळ माशीने पाच छर्रे मारा. ते एकत्र लागले तर संशय स्कोप आणि माउंटवर. तरीही विखुरले तर स्कोप निर्दोष आहे.

नॉब संपला, तरी छर्रा खालीच?

नळी मोडून भरायच्या रायफलमध्ये नळी पुढे किंचित झुकलेली असणं सर्रास आढळतं. मग ‘अप’चा नॉब शेवटपर्यंत फिरवावा लागतो. तिथे आतली स्प्रिंग सैल पडते आणि फुली जागेवर राहत नाही. अशा वेळी नॉब मधोमध आणा आणि मागच्या रिंगेत स्कोपखाली पातळ पट्टी घाला, किंवा मागून उंच असलेला माउंट वापरा.

क्लिकचं गणित

अनेक स्कोपवर ‘1/4 एमओए’ लिहिलेलं असतं. म्हणजे एका क्लिकने छर्रा 100 मीटरवर साधारण 7 मिलिमीटर सरकतो. 25 मीटरवर तीच क्लिक फक्त 1.8 मिलिमीटरची आणि 10 मीटरवर जेमतेम 0.7 मिलिमीटरची. छर्रे 25 मीटरवर 36 मिलिमीटर खाली लागत असतील, तर 20 क्लिक वर. दोन-चार क्लिक फिरवून “काही फरकच पडत नाही” म्हणणाऱ्यांचा घोळ इथे असतो.

फुली हलताना दिसते?

रायफल पिशवीवर स्थिर ठेवा आणि तिला न लावता डोळा थोडा वर-खाली करा. फुली निशाण्यावर सरकताना दिसली, तर तो पॅरॅलॅक्स. बंदुकीचे बरेच स्कोप 100 यार्डांसाठी जुळवलेले असतात, एअर रायफल मात्र 10 ते 50 मीटरवर चालते. अंतर जुळवायची रिंग असलेला स्कोप घेतला की हा प्रश्न सुटतो. ती नसेल तर गाल दरवेळी एकाच जागी टेकवा.

विदर्भाचं ऊनही हिशोबात धरा. स्प्रिंगच्या रायफलमधलं ग्रीस थंडीत घट्ट आणि उन्हात पातळ होतं, छर्ऱ्याचा वेग थोडा बदलतो. डिसेंबरच्या पहाटे लावलेला झिरो मे महिन्याच्या दुपारी सरकलेला दिसला तर नवल नाही.

मग ऑलिम्पिकवाले काय करतात?

10 मीटर एअर रायफल स्पर्धेत दुर्बिणीसारखा स्कोप चालतच नाही. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 मध्ये कैरोत या प्रकारात विश्वविजेता झाला, तो बारीक छिद्रातून नेम धरून. तिथे दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटरचा असतो. म्हणजे स्कोप नेम ‘देत’ नाही, फक्त दाखवतो.

शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं

4.5 मिलिमीटरच्या आणि 20 जूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलला भारतात शस्त्र परवाना लागत नाही. म्हणून ती खेळणं ठरत नाही. तिचा छर्रा डोळा कायमचा घालवू शकतो. निशाण्यामागे मातीचा जाड ढीग हवाच. दगड, पत्रा किंवा पाणी नको, छर्रा उसळतो.

आणि निशाणा म्हणजे कागदच. भंडारा हा तलावांचा जिल्हा. हिवाळ्यात इथे पाहुणे पक्षी उतरतात, आणि महाराष्ट्रात मोजकेच उरलेले सारस प्रामुख्याने भंडारा-गोंदियाच्या परिसरात दिसतात. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मध्ये शिकारीला बंदी आहे, आणि ती छर्ऱ्याने केली म्हणून गुन्हा लहान होत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी नेम चुकला तर नॉब सोडा. आधी स्क्रू आवळा, पाच छर्रे मारा आणि कागद वाचा. दोष कुठे आहे, ते तो कागदच सांगेल.