शालेय सुट्टीतील बालकांच्या दंत-आपत्ती : पहिल्या तासाचे महत्त्व

प्रस्तावना

महाराष्ट्रातील शाळांना दिवाळी व उन्हाळा अशा दोन दीर्घ सुट्ट्या असतात. या काळात अनेक मुले आजोळी जातात, विहिरीत पोहतात, झाडावर चढतात, सायकल चालवितात. पडणे, धडकणे, तोंडावर चेंडू लागणे हे प्रसंग ओघाने येतात. अशा वेळी नेहमीचे दंतवैद्य जवळ नसतात. बहुतेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत दंतचिकित्सक नसतो, आणि मुलाजवळ आई-वडिलांऐवजी आजी-आजोबा किंवा मामा-मामी असतात. दाताचे भवितव्य मात्र पुष्कळदा दवाखाना गाठण्यापूर्वीच ठरते. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांना आवश्यक असणाऱ्या माहितीचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

कायमचा दात मुळासकट निखळणे

वरच्या जबड्यातील समोरचे दोन कायमचे दात साधारणतः ७ ते ८ वर्षे वयात येतात आणि आघातात तेच अधिक सापडतात. दात निखळला म्हणजे तो निरुपयोगी झाला, हा समज चुकीचा आहे. दात हाडाशी जोडणाऱ्या तंतूंच्या पेशी मुळावर काही काळ जिवंत असतात. दात कोरडा राहिल्यास सुमारे ६० मिनिटांत त्यांतील बहुतेक पेशी मरतात. त्यानंतर दात बसविला तरी त्याचे मूळ कालांतराने झिजत जाण्याचा संभव असतो. दात कागदात वा रुमालात गुंडाळून नेणे किंवा साबणाने घासणे यामुळे नेमक्या याच पेशी नष्ट होतात.

इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ डेंटल ट्रॉमॅटॉलॉजी या संस्थेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पुढील क्रम पाळावा :

१. दात शोधून वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा. मुळाला स्पर्श करू नये.
२. माती लागली असल्यास दुधात हलकेच बुडवून धुवावा, घासू नये.
३. मूल शुद्धीवर व शांत असल्यास दात सुलट दिशेने खाचेत बसवावा आणि स्वच्छ रुमाल दाताखाली धरून चावून ठेवण्यास सांगावे.
४. हे शक्य नसल्यास दात दुधात ठेवून तत्काळ दंतवैद्याकडे न्यावा. साधे पाणी पेशींना अपायकारक असते. तथापि दात कोरडा ठेवण्यापेक्षा तेही बरे.

खेड्यातील घरी दंतवैद्य नसला तरी दूध बहुधा असते, ही बाब येथे मोलाची ठरते.

दुधाचा दात मात्र पुन्हा बसवू नये. त्याने खाली तयार होणाऱ्या कायमच्या दाताला इजा पोहोचू शकते. पडलेला दात छपरावर टाकण्याची रूढी काही घरांत आहे. म्हणून तो दुधाचा की कायमचा याची खात्री आधी करावी. संशय असल्यास दात दुधात ठेवून दंतवैद्यालाच दाखवावा.

अन्य आपत्ती

दाताचा तुकडा उडाल्यास तोही दुधात वा पाण्यात जपून न्यावा. कित्येकदा तो पुन्हा चिकटविता येतो. दाढ दुखत असल्यास हिरडीवर तंबाखू, मिश्री किंवा वेदनाशामक गोळी दाबून ठेवणे अपायकारक आहे. बालकास ॲस्पिरिन देऊ नये. पॅरासिटामॉल वजनानुसार योग्य मात्रेत द्यावे. गालाची वा हनुवटीखालील सूज वाढत असेल, ताप असेल, गिळण्यास किंवा श्वास घेण्यास त्रास होत असेल, तर रुग्णालय गाठण्यास विलंब करू नये. पडल्यानंतर मूल बेशुद्ध झाले किंवा त्यास वारंवार उलट्या झाल्या, तर दाताचा विचार नंतर करावा. प्रथम १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

महाविद्यालयांची भूमिका

ही माहिती सुट्टीपूर्वी पोहोचणे आवश्यक आहे. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची विशेष शिबिरे गावांत भरतात. तेथील आरोग्यविषयक कार्यक्रमात अर्ध्या तासाचे प्रात्यक्षिक सहज अंतर्भूत करता येईल. त्यात मातांइतकेच आजी-आजोबांनाही आवर्जून बोलवावे. जवळच्या दंतवैद्याचे व उपजिल्हा रुग्णालयाचे दूरध्वनी क्रमांक शाळेच्या फलकावर लिहून ठेवण्याचे काम स्वयंसेवक करू शकतात.

समारोप

निखळलेला दात वाचविण्यास प्रारंभी महागडी साधने लागत नाहीत. वेळेचे भान आणि पेलाभर दूध पुरते. पुढील उपचार दंतवैद्याने करावयाचे असले, तरी त्यांचे यश मुलाजवळ प्रथम धावून जाणाऱ्या व्यक्तीच्या हाती असते. त्या व्यक्तीपर्यंत हे ज्ञान पोहोचविणे हे शिक्षणक्षेत्राचे कर्तव्य ठरते.