थर्मिक ऑइल निवडताना

कापड, प्लायवूड, रसायने अशा कारखान्यांत काही कामांसाठी 200 ते 300 अंश सेल्सिअस तापमान लागते. मग पाणीच का वापरत नाहीत? कारण 300 अंशांवर पाणी द्रवरूपात ठेवायला सुमारे 86 बार दाब लागतो. त्यासाठी पाइप आणि बॉयलर फार जाड, महाग होतात. खनिज तेल त्याच तापमानाला जवळजवळ वातावरणाच्या दाबावर वाहते. म्हणून तिथे थर्मिक ऑइल, म्हणजे उष्णता वाहून नेणारे तेल.

त्यापुढे, 400 अंशांपर्यंत, बायफेनिल आणि डायफेनिल ऑक्साइड यांचे मिश्रण चालते. मात्र ते 12 अंशांना गोठते आणि 257 अंशांवर उकळते, म्हणून त्यावरच्या तापमानाला दाब ठेवावा लागतो. सौर औष्णिक केंद्रांत सोडियम व पोटॅशियम नायट्रेटचे वितळलेले मीठ 565 अंशांपर्यंत वापरतात. ते 220 अंशांच्या आसपासच घट्ट होते.

निवडताना केवळ कमाल तापमान पाहू नका. हीटरच्या नळीला लागून असलेला तेलाचा थर बाकीच्या तेलापेक्षा जास्त तापतो आणि तिथेच तेलाचे विघटन होऊन कार्बनचा थर बसतो. गरम तेलाला हवा लागली तर त्याचे ऑक्सिडीकरण होते, पाणी शिरले तर ते उसळते. म्हणून तेलाचा नमुना नियमित तपासा. गळती म्हणजे आगीचा धोका, आणि तिथे माणसे काम करत असतात.